मासा व म्हैस यांचे प्रथिन-पचन : प्रयोगशाळेत ते कसे तपासतात

कर्जत व खालापूर हे तालुके मुख्यतः भाताचे. कर्जत येथील भात संशोधन केंद्र १९१९ पासून येथील शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. भिवपुरीच्या वीजगृहातून बाहेर पडणारे पाणी राजनाल्याने शेतात येत असल्यामुळे काही गावांत उन्हाळी भातही होतो. भाताच्या जोडीला दुधाची म्हैस आणि भात निघाल्यावर जमिनीतील ओलीवर वाल, ही येथील जुनी घडी आहे. अलीकडे तीत शेततळ्यांतील रोहू, कटला व मृगळ या माशांची भर पडली आहे. त्यामुळे एकाच पडवीत म्हशीच्या पेंडीचे पोते व तळ्यातील खाद्याचे पोते शेजारी शेजारी दिसू लागले आहेत. अशा वेळी शेतकरी साहजिकच विचारतो, “ज्या पेंडीवर म्हैस दूध देते, ती माशांना का चालू नये? दोन्ही पोत्यांवर प्रथिनांचा आकडा तर एकच आहे!”

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. काही वर्षांपूर्वी मी स्वतः त्याचे चुकीचे उत्तर दिलेले आहे. एका शेततळ्याच्या मालकाकडे वालाचा बराच भुगा पडून होता. वालात सुमारे २५ टक्के प्रथिने असतात, हे मला पुस्तकावरून ठाऊक होते. तेवढ्या आधारावर, तो भुगा कोंड्यात मिसळून माशांना घालण्यास हरकत नाही, असे मी सांगितले. चार महिन्यांनी जाळे ओढले तेव्हा मासळी हाताच्या बोटाएवढीच राहिलेली होती. पाणी गर्द हिरवे झाले होते व तळाच्या गाळास दुर्गंधी येत होती. आकडा खोटा नव्हता, परंतु तो कोणत्या प्राण्याच्या पोटात किती उतरतो हे मी पाहिले नव्हते. ते कसे पाहतात, हा या पाठाचा विषय आहे.

प्रथिन पचते म्हणजे काय होते?

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी होय. ही साखळी अखंड असेपर्यंत आतड्याच्या भित्तीतून रक्तात जाऊ शकत नाही. ती तोडून सुट्या कड्या किंवा दोन-तीन कड्यांचे लहान तुकडे करावे लागतात. हे काम पाचकरसांतील विशिष्ट द्रव्ये करतात. त्यांना विकरे किंवा एन्झाइम असे म्हणतात. जठरातील पेप्सिन हे त्यांपैकी एक असून ते आम्लातच काम करते. त्यास हे नाव श्वान या शास्त्रज्ञाने १८३६ मध्ये दिले. स्वादुपिंडातून येणारे ट्रिप्सिन हे दुसरे. त्यास किंचित अल्कधर्मी द्रव लागतो.

शरीराबाहेर पचन घडवून पाहण्याची कल्पना याहून जुनी आहे. फ्रान्समधील रेओम्यूर याने १७५२ च्या सुमारास एका शिकारी पक्ष्यास छिद्रे असलेल्या धातूच्या नळीत मांस घालून गिळावयास लावले. पक्ष्याने नळी परत ओकून टाकल्यावर आतील मांस बरेच विरघळलेले आढळले. नळीमुळे मांस चिरडले जाणे शक्य नव्हते. यावरून पचन म्हणजे केवळ भरडणे नसून ती रसाची क्रिया आहे, हे सिद्ध झाले. पुढे इटलीतील स्पालान्झानी याने जठररस काढून काचेच्या नळीत मांस विरघळवून दाखविले. आजच्या सर्व परीक्षानळ्या त्याच वाटेने आलेल्या आहेत.

तीन पोटांचा भेद

प्रयोगाची रीत समजण्यापूर्वी ज्या पोटाची नक्कल करावयाची ते पोट ओळखले पाहिजे.

मनुष्य, डुक्कर, उंदीर यांस एकच जठर असते. तेथे तीव्र आम्ल व पेप्सिन यांची क्रिया प्रथम होते व नंतर लहान आतड्यात ट्रिप्सिन व त्याच्या सोबतीची विकरे उरलेले काम पुरे करतात.

गाय, म्हैस व शेळी यांच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिल्या कप्प्यात, म्हणजे कोटीपोटात, असंख्य सूक्ष्मजीव वास करतात. खाद्यातील बरेचसे प्रथिन हे जीवच फोडतात, त्यापासून अमोनिया होतो व त्या अमोनियातून ते स्वतःच्या शरीराचे प्रथिन बांधतात. पुढे चौथ्या कप्प्यात व आतड्यात हे सूक्ष्मजीवच पचविले जातात. म्हणजे म्हैस आपल्या पेंडीचा मोठा भाग सूक्ष्मजीवांकडून रूपांतर करून घेऊन मगच खाते. लहान रेडकाचे कोटीपोट मात्र पुरे वाढलेले नसते. त्याचे पचन काही महिने एकजठरी प्राण्यासारखेच चालते.

रोहू, कटला, मृगळ, गवत्या व सायप्रिनस या कार्प जातीच्या माशांस जठरच नसते. म्हणून त्यांच्या पोटात आम्ल नाही व पेप्सिनही नाही. घशातील दातांनी चिरडलेला घास सरळ लांब आतड्यात उतरतो व सर्व भार ट्रिप्सिन वर्गाच्या विकरांवर पडतो. त्यांचे स्वादुपिंडही एका ठिकाणी गोळा झालेले नसून यकृत व आतडे यांच्या भोवती विखुरलेले असते. मरळ, मागूर व तिलापी या माशांस मात्र जठर असते. यास्तव ‘माशास हे पचते’ असे मोघम बोलणे बरोबर नाही. कोणत्या माशास, हे सांगितले पाहिजे.

आणखी एक भेद ध्यानात घ्यावा. म्हशीच्या कोटीपोटाची उष्णता बाराही महिने सुमारे ३९ अंश सेल्सिअस राहते. माशाच्या शरीराची उष्णता ही त्याच्या पाण्याचीच उष्णता असते. थंडीत तळ्याचे पाणी गार झाले की विकरांची गती मंदावते व मासे खाणे कमी करतात.

पहिली रीत : नत्राचे मोजमाप

पोत्यावरील प्रथिनांचा आकडा ज्या रीतीने काढतात ती डेन्मार्कमधील येल्डाल याने १८८३ मध्ये शोधिली. खाद्याचा वजन केलेला नमुना तीव्र गंधकाम्लात उकळतात. त्यातील नत्राचे अमोनियम सल्फेट बनते. त्यात कॉस्टिक सोडा घालून ऊर्ध्वपातन केले की अमोनिया बाहेर पडतो. तो बोरिक आम्लात धरून आम्लाच्या अनुमापनाने मोजतात. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नत्र असतो, म्हणून आलेल्या नत्रास ६.२५ ने गुणून ‘कच्ची प्रथिने’ मांडतात.

ही रीत भरवशाची आहे, परंतु ती नत्र मोजते, प्रथिन नव्हे. युरिया खतात ४६ टक्के नत्र असतो. त्यास ६.२५ ने गुणिले तर २८७.५ येतात. म्हणजे १०० किलो खाद्यात केवळ १ किलो युरिया मिसळला तरी प्रथिनांचा आकडा सुमारे २.९ ने फुगतो. म्हशीच्या कोटीपोटातील जीव थोडा युरिया उपयोगात आणू शकतात, परंतु तो जास्त झाल्यास म्हशीस विषबाधा होते. रोहूस तर त्याचा काहीच उपयोग नाही. चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामाईन हा नत्रयुक्त पदार्थ मिसळून प्रथिनांचा आकडा वाढविल्याचे उघडकीस आले व अनेक बालके आजारी पडली. त्या फसवणुकीचे मूळ हेच होते.

कोंबडीची पिसेही येथे विचारात घ्यावीत. त्यांतील कच्च्या प्रथिनांचा आकडा ८० टक्क्यांहून अधिक येतो. तथापि ते प्रथिन नखाशिंगांच्या जातीचे असल्यामुळे दाबाच्या वाफेवर शिजविल्याशिवाय ते फारसे पचत नाही.

दुसरी रीत : परीक्षानळीतील पेप्सिन

नत्र किती, हे कळल्यावर त्यातील पचणारा किती, हा प्रश्न उरतो. मासळीची कुटी व तत्सम प्राणिज खाद्ये तपासण्याची प्रमाणित रीत अशी आहे. नमुना बारीक दळून त्यातील तेल काढून टाकतात. त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ०.२ टक्के पेप्सिन विरघळवून तयार केलेला द्राव ओततात व ४५ अंश सेल्सिअस उष्णतेवर १६ तास सतत हलवीत ठेवतात. नंतर गाळून, गाळणीवर राहिलेल्या चोथ्यातील नत्र येल्डालच्या रीतीने मोजतात. मूळ नत्रातून चोथ्यातील नत्र वजा केला की विरघळलेला भाग समजतो.

चांगली कुटी, करपलेली कुटी आणि पिसे किंवा चामडे मिसळलेली कुटी यांतील भेद ही कसोटी स्पष्ट दाखविते. परंतु तिचा आकडा रोहूस जसाच्या तसा लावणे चुकीचे ठरेल, कारण रोहूच्या पोटात ना पेप्सिन आहे, ना आम्ल.

रवंथ करणाऱ्या जनावरांच्या वैरणीसाठी टिली व टेरी यांनी १९६३ मध्ये दोन टप्प्यांची रीत प्रसिद्ध केली. तीत नमुना प्रथम ४८ तास कोटीपोटातील गाळलेल्या रसात, हवा लागू न देता, ठेवतात व पुढील ४८ तास आम्लयुक्त पेप्सिनमध्ये ठेवतात. पहिल्या टप्प्यात कोटीपोटाची व दुसऱ्यात चौथ्या कप्प्याची नक्कल होते.

तिसरी रीत : माशाच्याच विकरांनी परीक्षा

कार्प माशासाठी विकर त्याच माशाचे घेणे श्रेयस्कर. आतडे व त्याभोवतालचे यकृत-स्वादुपिंड बर्फावर काढून, थंड द्रावात वाटून, वेगाने फिरविणाऱ्या यंत्रात निवळतात. वर राहिलेला निवळ द्राव हाच विकरांचा अर्क होय. उष्णतेने तो स्वतःच बिघडतो, म्हणून सर्व काम थंडीत करावे लागते.

या अर्काची ताकद दुधातील केसीन या प्रथिनावर पाहतात. ठरावीक वेळ अर्क व केसीन एकत्र ठेवून त्यात ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल घालतात. न तुटलेले प्रथिन साक्यासारखे खाली बसते व तुटलेले लहान तुकडे द्रावातच राहतात. हे तुकडे किती झाले ते प्रकाशमापकाने मोजतात.

दुसरा प्रकार याहून सूक्ष्म आहे. साखळीची प्रत्येक कडी तुटताना द्राव किंचित आम्लाकडे झुकतो. द्रावाचा सामू सुमारे ८ वर स्थिर ठेवण्यासाठी थेंब थेंब अल्क घालणारे यंत्र असते. जितके अल्क लागले तितक्या कड्या तुटल्या, असा हिशेब करतात. खाद्याचे अनेक नमुने एका दिवसात परस्परांशी ताडून पाहण्यास ही रीत सोयीची आहे.

या सर्व प्रयोगांत दोन जोडनळ्या असल्याच पाहिजेत. एकीत अर्क न घालता केवळ खाद्य व द्राव ठेवतात आणि दुसरीत उकळून निष्क्रिय केलेला अर्क घालतात. खाद्य नुसत्या पाण्यानेही थोडे विरघळते. तो भाग वजा केला नाही तर पाण्याचे श्रेय विकरास दिले जाते. शेतात खत न घातलेला वाफा आपण तुलनेसाठी राखतो, त्यातलाच हा प्रकार होय.

चौथी रीत : प्रत्यक्ष प्राण्यावरील परीक्षा

परीक्षानळी ही शेवटी नक्कलच. अंतिम निर्णय प्राणी देतो.

म्हशीस काही दिवस मोजून खाद्य देतात व तिचे सर्व शेण गोळा करून त्यातील नत्र मोजतात. काही संशोधन संस्थांत पशुवैद्यांच्या देखरेखीखाली व रीतसर परवानगीने, कोटीपोटास कायमचे झाकणाचे छिद्र केलेली जनावरे पाळतात. बारीक विणीच्या नायलॉनच्या पिशवीत पेंड घालून ती पिशवी कोटीपोटात सोडतात व ठरावीक तासांनी काढून उरलेले प्रथिन मोजतात.

माशाची विष्ठा मात्र पाण्यात विरघळून जाते व सर्व गोळा करता येत नाही. यावर एक युक्ती आहे. खाद्यात क्रोमिक ऑक्साइडसारखे न पचणारे द्रव्य अल्प प्रमाणात मिसळतात. खाद्यातील इतर घटक शोषले गेले की विष्ठेत या द्रव्याचे प्रमाण वाढते. टाकीच्या तळाशी निमुळत्या नळीत साचलेली विष्ठा लवकर काढून घेतात व त्यावरून हिशेब करतात.

उदाहरणार्थ, खाद्यात खूणद्रव्य ०.५ टक्के व प्रथिने ३० टक्के आहेत, तर विष्ठेत खूणद्रव्य १.५ टक्के व प्रथिने १८ टक्के आढळली, असे समजू. ०.५ ला १.५ ने भागिले तर एक तृतीयांश येतो. १८ ला ३० ने भागिले तर ०.६ येतो. दोहोंचा गुणाकार ०.२, म्हणजे २० टक्के प्रथिन न पचता बाहेर पडले व ८० टक्के पचले. विष्ठा पाण्यात फार वेळ राहिल्यास तिच्यातील प्रथिन विरघळून जाते व पचन खोटेच जास्त दिसते. म्हणून या कामात तत्परता हवी.

वालाच्या भुग्याचे काय झाले?

आता माझ्या चुकीकडे वळू. कच्च्या वालात, सोयाबीनमध्ये व इतर अनेक कडधान्यांत ट्रिप्सिनची क्रिया रोखणारी द्रव्ये असतात. ऑस्बोर्न व मेंडेल यांना १९१७ मध्येच असे आढळले होते की, कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढत नाहीत, परंतु तेच शिजवून दिल्यास वाढतात. सोयाबीनमधील हे रोधक द्रव्य कुनिट्झ याने १९४५ मध्ये स्फटिकरूपात वेगळे केले.

ज्या माशाचे सारे पचन ट्रिप्सिनवर अवलंबून आहे, त्यास असे द्रव्य किती बाधत असेल, हे उघड आहे. न पचलेले प्रथिन विष्ठेतून तळाशी जाते, कुजते व पाण्यातील प्राणवायू खाते. मासळी खुरटण्याचे व पाणी बिघडण्याचे कारण एकच होते. म्हशीच्या कोटीपोटात मात्र हे रोधक द्रव्य बहुतांशी सूक्ष्मजीवच फोडून टाकतात. म्हणून मर्यादित प्रमाणात कच्चा भुगा म्हशीस सोसतो, पण रेडकास सोसत नाही.

आपल्या घरातील स्त्रिया वाल रात्रभर भिजवितात, मोड आणून सोलतात व मगच शिजवून त्यांचे बिरडे करतात. भिजविण्याने, मोड आणण्याने व विशेषतः शिजविण्याने ही रोधक द्रव्ये कमी होतात. जे स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या पाळले जाते, ते मी तळ्याच्या काठी विसरलो होतो.

तथापि उष्णताही बेताची हवी. पेंड करपली की तिच्यातील लायसिन हे अमिनो आम्ल शर्करेशी बांधले जाते व पचनास दुर्लभ होते. येल्डालच्या आकड्यात हा तोटा मुळीच दिसत नाही. म्हशीच्या बाबतीत बेताने भाजलेली पेंड कोटीपोटात न फुटता पुढे जाते व आतड्यात पचते, हा लाभच ठरतो. अशा रीतीने युरिया, कच्चेपणा व उष्णता या तिन्ही गोष्टी म्हशीस एक परिणाम देतात व रोहूस दुसरा.

गावपातळीवर काय करता येईल?

१. नमुना घेणे : एकाच पोत्यातून मूठभर घेऊ नये. निरनिराळ्या पोत्यांच्या वरच्या, मधल्या व खालच्या थरांतून थोडे थोडे घ्यावे व कागदावर एकत्र करावे. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकावेत. सुमारे अर्धा किलो उरेपर्यंत असे करावे. नमुना हवाबंद पिशवीत भरून खाद्याचे नाव, तारीख व ते कोणत्या प्राण्यासाठी आहे, हे चिठ्ठीवर लिहावे.

२. युरियाची प्राथमिक परीक्षा : कच्च्या सोयाबीनच्या पिठात युरियापासून अमोनिया करणारे विकर असते. तीन पेले घ्यावेत. पहिल्यात खाद्य, पाणी व कच्चे सोयाबीन पीठ, दुसऱ्यात खाद्य व पाणी आणि तिसऱ्यात सोयाबीन पीठ व पाणी घालावे. प्रत्येकाच्या तोंडावर ओला तांबडा लिटमस कागद ठेवून पेला झाकावा. अर्ध्या तासाने केवळ पहिल्या पेल्यावरील कागद निळा झाला व अमोनियाचा वास आला, तर युरियाचा संशय घ्यावा. लिटमस नसल्यास हळदीच्या पाण्यात बुडवून वाळविलेला कागद ओला करून वापरावा. तो लालसर होतो. ही परीक्षा संशयापुरती आहे. निर्णय प्रयोगशाळेचाच घ्यावा.

३. सोयाबीन पेंडीचा कच्चेपणा : त्याच परीक्षेत पालट करून पेंडीत पाणी व चिमूटभर युरिया घालावा. अमोनिया लवकर सुटला तर पेंड पुरेशी शिजलेली नाही, असे समजावे. हे विकर व रोधक द्रव्य ही दोन्ही उष्णतेने जवळजवळ बरोबरच नष्ट होतात, म्हणून एकावरून दुसऱ्याचा अंदाज येतो. तपासलेले खाद्य जनावरांस किंवा माशांस घालू नये.

४. विक्रेत्यास विचारावयाचे : प्रथिने किती, एवढ्यावर थांबू नये. हे प्रथिन कशापासून आले आहे, ते शिजविलेले आहे काय, पचनाची परीक्षा झाली असल्यास ती कोणत्या प्राण्यासाठी झाली, असे विचारावे.

सारांश

प्रथिनांचा आकडा पोत्यातील नत्र सांगतो. पेप्सिनची परीक्षा जठर असलेल्या प्राण्याच्या पचनाचा अंदाज देते. रोहू-कटल्यासाठी त्यांच्याच आतड्यातील विकर व त्यांच्याच पाण्याची उष्णता हवी. शेवटचा शब्द प्रत्यक्ष प्राण्यावरील परीक्षेचा.

ज्या शेतकऱ्याचा एक हंगाम माझ्या सल्ल्याने वाया गेला, त्यांनी पुढे तळ्यात भुईमुगाची पेंड व भाताचा कोंडा समभाग घातला आणि वालाचा भुगा थोडा थोडा म्हशीच्या आंबोणात दिला. खाद्य तेच होते, केवळ पोट बदलले. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी सल्ला देण्यापूर्वी हा विचार केला, तर शेतकऱ्यास तोच धडा आपल्या पैशाने शिकावा लागणार नाही.

उजळणीचे प्रश्न

१. दोन खाद्यांत कच्ची प्रथिने सारखीच असूनही माशांची वाढ निराळी का होते?

२. पेप्सिनच्या परीक्षेचा आकडा रोहूस का लावू नये? मागूर माशाबाबत काय म्हणाल?

३. खाद्यात खूणद्रव्य ०.५ टक्के व प्रथिने २८ टक्के, विष्ठेत खूणद्रव्य १ टक्का व प्रथिने १४ टक्के असल्यास प्रथिनांचे पचन किती टक्के झाले?

४. कच्चा वाल म्हशीस थोडा सोसतो, पण रेडकास व रोहूस सोसत नाही. याचे कारण आपल्या गावातील शेतकऱ्यास त्याच्या भाषेत समजावून सांगा.